नांगर ओला होता : शापोरा नदीतल्या एका झडतीचं प्रकरण

जप्तीच्या यादीतली अकरावी वस्तू: ‘लोखंडी नांगर एक, ओला, चिखल लागलेला, नायलॉनच्या दोरीसह.’ यादी लिहिणाऱ्या हवालदाराने बॅटरीच्या उजेडात जे दिसलं ते इमानदारीने उतरवलं. पुढचे दोन महिने सरकारी वकील आणि मी याच ओळीवरून भांडणार आहोत, हे त्याच्या स्वप्नातही नसेल.

मी म्हापशात फौजदारी वकिली करतो. इथे सांगतोय ती रात्र एकाच फायलीतली नाही. नदीवरच्या झडत्यांच्या दोन-तीन फायलींचे तुकडे जोडून ती एक केली आहे, म्हणजे माणसं ओळखू येणार नाहीत. कागदांतले घोळ मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

जागा म्हणजे कोलवाळचा पूल आणि शिवोली-चोपडेचा पूल यांच्या मधलं शापोरा नदीचं पात्र. उत्तरेला पेडणे, दक्षिणेला बार्देश. फेब्रुवारी अखेरची रात्र. १ वाजून १० मिनिटांनी ११२ वर फोन येतो की नदीत होड्या लावून रेती काढताहेत. पोलीस स्थानकाच्या डायरीत तशी नोंद होते. उपनिरीक्षक चार माणसं घेऊन जीपने धक्क्यावर येतात. पोलिसांची बोट तिथे नाही. धक्क्यावर झोपलेल्या एका मच्छीमाराला उठवून त्याची होडी घेतात. तिच्यात एक हवालदार आणि एक शिपाई पुढे जातात. उपनिरीक्षक दुसरी होडी मिळेपर्यंत काठावर थांबतात आणि दोन पंचांना घेऊन मागून निघतात.

बॅटऱ्या दिसताच रेतीवाल्यांच्या बाकी होड्या खारफुटीत शिरल्या. एक सापडली. तिच्यात दोन माणसं, तळाला चार बोटं ओली रेती, लांब बांबू, बालद्या आणि पुढच्या टोकाला ताडपत्रीखाली निळं पिंप. रात्रभर नदीवर राहणारी माणसं अशा पिंपात तांदूळ, कपडे, स्टोव्ह, विड्या असं सगळं भरतात, कारण होडीत कोरडी राहणारी तेवढी एकच जागा असते. त्या पिंपात कपड्यांखाली खाकी चिकटपट्टीने गुंडाळलेलं पुडकं निघालं. आत गांजा. पंचनाम्यात वजन १ किलो ३८० ग्रॅम.

सकाळी सव्वासहाला गुन्हा नोंद झाला: रेतीचोरीबद्दल भारतीय न्याय संहितेखाली आणि गांजाबद्दल १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली, म्हणजे सगळे ज्याला एनडीपीएस म्हणतात त्याखाली. होडीवरचे दोघे अटकेत. त्यांतला एक होडीमालकाचा भाचा, दुसरा झारखंडहून आलेला कामगार. मालक त्या रात्री घरी झोपलेले होते, तरी त्यांनाही बोलावणं आलं. आपलं वाहन अशा कामाला जाणूनबुजून वापरू देणारा मालक एनडीपीएसच्या कलम २५ प्रमाणे तेवढ्याच शिक्षेला पात्र ठरतो.

मालक पासष्टीचे. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणतो. ऑफिसात येऊन बसले आणि पाणीही न पिता पहिला प्रश्न टाकला: “वकीलबाब, वॉरंट खंय आसा?”

नदीकाठच्या गावांत, जेटीवर, तांडेलांत म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्यांत हा समज घट्ट बसलेला आहे की वॉरंटाशिवाय होडीवर पाय ठेवला की केस संपली. पोलिसांत नेमका उलटा समज आहे. होडी म्हणजे पाण्यावरची मोटार, नाक्यावर गाडी थांबवून डिकी उघडतो तशी उघडायची, त्यात लिहायचं काय? दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दोघांनाही आपापली चूक पटवून देता येत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता ‘जागा’ या शब्दाची व्याख्या करते: घर, इमारत, तंबू, वाहन आणि जलयान. १९७३ च्या जुन्या संहितेतही हेच होतं. म्हणजे कायद्याच्या नजरेत आबांची होडी आणि आबांचं घर या दोन्ही ‘जागा’च. घराच्या झडतीला जे नियम, तेच होडीला. घराचीही झडती वॉरंटाशिवाय होऊ शकते. नव्या संहितेचं कलम १८५ तेवढ्यासाठीच आहे. त्याच्या अटी मात्र नीट वाचल्या पाहिजेत. पोलीस स्थानकाच्या प्रमुखाला किंवा तपास अधिकाऱ्याला वाटलं पाहिजे की तपासाला लागणारी वस्तू अमुक जागी आहे. ती उशीर न होता दुसऱ्या मार्गाने मिळणार नाही. आणि असं का वाटतं ते त्याने झडतीआधी केस डायरीत लिहिलं पाहिजे, काय शोधतोय तेही शक्य तितकं लिहिलं पाहिजे. जुन्या कलम १६५ मध्ये नुसतं ‘लेखी नोंदवून’ होतं. नव्यात ‘केस डायरीत’ हे शब्द आले. झडतीचं मोबाईलवर चित्रीकरण आलं. लिहिलेल्या नोंदीची प्रत दंडाधिकाऱ्याकडे ४८ तासांत गेली पाहिजे, ही मुदतही आली. आणि ज्याची जागा, त्याने अर्ज केला तर दंडाधिकाऱ्याने ती प्रत त्याला फुकट द्यायची आहे.

म्हणून अशा प्रकरणात मी पहिला अर्ज जामिनाचा करत नाही, त्या प्रतीचा करतो. चौथ्या दिवशी केला. दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्या रात्रीची कुठलीही नोंद पोचलेली नव्हती. कारकुनाने रजिस्टर माझ्यासमोर उलटसुलट करून दाखवलं. तसं पत्र घेऊन मी बाहेर आलो तेव्हा आबांना वाटलं, सुटलोच.

सुटलो नव्हतो. ही गोष्ट पक्षकाराला समजावणं सगळ्यांत अवघड जातं.

रेतीपुरतं बोलायचं तर कारणं न लिहिता झालेली झडती बेकायदा ठरते, यात वाद नाही. राजस्थान राज्य विरुद्ध रहमान या १९६० साली छापल्या गेलेल्या निकालात तंबाखूच्या अबकारी कराचं प्रकरण होतं. कारणं न नोंदवता झडतीला आलेल्या अधिकाऱ्याला अडवलं म्हणून खटला झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की झडतीच बेकायदा, मग तिला अडवणं हा गुन्हा कसा? पण झडती बेकायदा असली तरी तिच्यात सापडलेली वस्तू पुराव्यातून आपोआप बाद होत नाही. १९६३ चा राधाकिशन निकाल हेच सांगतो आणि १९७४ चा पूरनमल निकालही. न्यायालय तो पुरावा जरा जास्त डोळे उघडून तपासतं, इतकंच. होडीच्या तळाची चार बोटं रेती डायरी कोरी राहिली म्हणून उडून जाणार नव्हती.

रेतीला आणखी एक दरवाजा होता, पण तो त्या रात्री बंद होता. १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्यात कलम २३ब आहे. बेकायदा काढलेलं खनिज एखाद्या जागी किंवा वाहनात लपवलं आहे असं वाटलं तर सरकारने अधिकार दिलेला राजपत्रित अधिकारी तिथे झडती घेऊ शकतो. उपनिरीक्षक राजपत्रित नसतो. म्हणून पोलीस चोरीच्या कलमाने आले. त्यात गैर काही नाही. खाण कायदा असला तरी नदीतली रेती ही सरकारची मालमत्ता, ती नेणं ही चोरीसुद्धा आहे आणि पोलीस तिचा स्वतंत्र गुन्हा नोंदवू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिल्लीच्या संजय प्रकरणात सांगून ठेवलं आहे. गोव्यात रेतीच्या बहुतेक फायली याच वाटेने चालतात.

आता पिंप.

रेती शोधताना पोलिसांच्या हाती योगायोगाने गांजा लागला, तर एनडीपीएसच्या कलम ४२ चा लेखी सोपस्कार आधी का केला नाही असं कोणी विचारू शकत नाही. १९९४ च्या बलबीर सिंग निकालाचं हेच म्हणणं आहे: नेहमीच्या तपासात अचानक अमली पदार्थ सापडला, तर सापडल्या क्षणापासून पुढे एनडीपीएसचे नियम पाळा. आमच्या उपनिरीक्षकांनी घडलं तसं लिहिलं असतं, ‘रेतीच्या फोनवर गेलो, पिंप उघडलं, गांजा दिसला’, तर माझ्या हातात फारसं काही उरलं नसतं.

पण एफआयआरमध्ये तिसऱ्या परिच्छेदात हे होतं: ‘खात्रीलायक बातमीदारामार्फत माहिती मिळाली की सदर होडीतून गांजाची वाहतूक होणार आहे.’

हे वाक्य मी किती फायलींत वाचलंय याचा हिशेब नाही. खात्रीलायक बातमीदार हा गोव्यातला सगळ्यांत कामसू माणूस असावा. हणजुणेपासून पाळोळेपर्यंत एकाच रात्री सगळीकडे हजर. जुना मसुदा कॉम्प्युटरवर असतो, नाव-गाव बदलतात, परिच्छेद तसाच राहतो. लिहिणाऱ्याला वाटतं, केस भक्कम दिसेल. प्रत्यक्षात या एका वाक्याने योगायोगाचा बचाव पोलिसांनी आपल्याच हाताने बुडवला. आधी माहिती होती म्हटल्यावर कलम ४२ लागलं: माहिती लेखी उतरवली का? सूर्यास्तानंतरची झडती, म्हणजे वॉरंट आणायला गेलो असतो तर माल लपवला गेला असता किंवा माणसं पळाली असती, अशी कारणं लिहिली का? ७२ तासांत त्याची प्रत वरिष्ठाकडे गेली का?

तिन्ही प्रश्नांना उत्तर नाही. आणि ११२ ची डायरी रेतीबद्दल बोलते, गांजाचं नावही तिच्यात नाही. सरकारी वकिलांना दोनांपैकी एक कागद सोडावा लागणार होता. डायरी धरली तर एफआयआर खोटा पडतो, एफआयआर धरला तर कलम ४२ मानगुटीवर बसतं.

सरकारी वकील हुशार. त्यांनी दोन्ही सोडले आणि कलम ४३ पकडलं.

इथे नांगर येतो. कलम ४२ बांधकाम, वाहन, बंदिस्त जागा यांच्यासाठी आहे. कलम ४३ सार्वजनिक जागी किंवा वाटेत, वाहतूक चालू असताना केलेल्या जप्तीसाठी. ४३ मध्ये आधी काही लिहून ठेवायची अट नाही. त्यांचा युक्तिवाद असा की नदी सार्वजनिक आहे, होडी चालू होती, माल वाटेत होता. मग ४२ चा प्रश्न येतो कुठे? वर त्यांनी कलम ४९ जोडलं, ज्यात संशयावरून वाहन थांबवून झडतीचा अधिकार आहे, आणि एनडीपीएसच्या भाषेत ‘वाहन’ या शब्दात जलयानही येतं.

यातल्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर २०२१ च्या बूटा सिंग निकालात मिळतं. हरियाणातली एक खासगी जीप सार्वजनिक रस्त्यावर उभी होती, पोलिसांना आधी माहिती मिळालेली होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, रस्ता सार्वजनिक असेल, पण कलम ४३ चं स्पष्टीकरण सार्वजनिक प्रवासी वाहनाबद्दल बोलतं. खासगी जीप त्यात येत नाही, म्हणून कलम ४२ लागतं, आणि ते अजिबात पाळलं गेलं नाही म्हणून शिक्षा रद्द. जीपच्या जागी होडी ठेवा आणि रस्त्याच्या जागी शापोरा. कामुर्लीहून तुयेला जाणारी फेरीबोट हे सार्वजनिक वाहन म्हणता येईल. तिच्यात कोणीही चढतो. आबांच्या होडीत आबा सांगतील तोच चढतो.

राहिलं ‘वाटेत’. होडी चालत होती की उभी होती? एफआयआर म्हणतो, ‘पळून जाण्याच्या प्रयत्नात असताना पाठलाग करून पकडली.’ पंचनामा म्हणतो, ‘नदीपात्रात उभी असलेली होडी.’ दोन्ही कागद एकाच सकाळी, एकाच टेबलावर तयार झालेले. आणि यादीत तो नांगर, ओला आणि चिखल लागलेला.

पाठलाग झालेल्या होडीचा नांगर ओला असू शकतो. कोणी घाईने उचलून पळालं असेल. सरकारी वकिलांनी हेच म्हटलं. पण नायलॉनची दोरी यादीत ‘नांगराला बांधलेली, वेटोळं घातलेली’ अशी आहे. जीव घेऊन पळणारा माणूस रात्री पावणेतीनला दोरीचं वेटोळं घालत बसत नाही. चिखलातून नांगर उपसून काढणं हेच एका माणसाचं काम असतं; रेती काढतात तिथला तळ उकरलेला असतो, नांगर खोल रुततो. आबांनी मला ऑफिसातल्या खुर्चीला पंख्याची वायर बांधून ते करून दाखवलं, दोन्ही पाय रोवून, पाठ मागे टाकून. मग म्हणाले, “हें करपाक लागता तेन्ना इंजिन कोण चालयतलो?” दोन माणसांची होडी. एक नांगरावर, दुसरा बांबू आत ओढणार. पाठलागाची गोष्ट बसत नव्हती.

दुसरा धागा चित्रीकरणाचा. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीची सगळी प्रक्रिया चित्रित व्हायला हवी, यादी तयार करणं आणि पंचांनी सही करणं धरून. आम्हाला मिळालेला व्हिडिओ सहा मिनिटांचा. पहिल्याच चित्रात पिंपाचं झाकण उघडं आहे. झाकण होडीच्या फळीवर पालथं पडलंय, त्यावर विड्यांचा बंडल. मागून इंजिनाचा आवाज जवळ येतो, मग कोणीतरी म्हणतं, “साहेब आले, आता घे.” पुढची साडेपाच मिनिटं उपनिरीक्षक त्या उघड्या पिंपातून पुडकं ‘शोधून’ काढतात. यादी, सह्या काहीच नाही. व्हिडिओ पुडक्यावर संपतो.

म्हणजे झाकण आधीच्या होडीतल्या दोघांनी उघडलं. कलम ४२ शिपायाला वगळतं. त्याच्या वरच्या दर्जाचा आणि सरकारने अधिकार दिलेला अधिकारी लागतो. हवालदाराला अधिकार होता असं आपण धरून चालू. पण झाकण हवालदाराने उघडलं की शिपायाने, हे सांगणारं एकही वाक्य कुठल्याच कागदात नाही. अधिकार नसलेल्याने घेतलेली एनडीपीएसची झडती मुळातच टिकत नाही, हे २००० सालच्या केरळच्या रॉय निकालापासून ठरलेलं आहे.

तिसरा, आणि मला सगळ्यांत आवडणारा, वजनाचा. पंचनाम्यात ‘जागेवरच इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करता १ किलो ३८० ग्रॅम भरले.’ गांजाची कायद्यातली ‘अल्प मात्रा’ १ किलोपर्यंत, ‘व्यावसायिक मात्रा’ २० किलोच्या वर. एक किलोच्या आत असेल तर जास्तीत जास्त एक वर्ष, वर गेलं की दहा वर्षांपर्यंत. इतका फरक ३८० ग्रॅमवर लटकलेला, आणि वजन केलं कुठे, तर ओहोटीला लागलेल्या नदीत, तीन पोलीस, दोन पंच आणि दोन आरोपी ज्या दोन होड्यांत मिळून उभे आहेत तिथे. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा टेबलाला धक्का लागला तरी आकडा बदलतो. शिवाय वजन चिकटपट्टी आणि दोन प्लॅस्टिक पिशव्यांसकट. माझा अंदाज साधा आहे: वजन पोलीस स्थानकात झालं आणि ‘जागेवरच’ हा शब्द सवयीने आला. पण तो आला, आणि सह्या त्याखाली आहेत. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर कलम ५२अ प्रमाणे काढायचे की जागेवर, हा वेगळा वाद. इथे पोलिसांनी ते दंडाधिकाऱ्यांसमोरच काढले होते, ते काम त्यांनी बरोबर केलं.

माझ्या एका सहकाऱ्याचा आग्रह होता की कलम ५० पुढे करूया. दोघांच्या अंगझडतीआधी त्यांना राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीचा हक्क सांगितलेला नव्हता, हे खरं. पण अंगावर काहीच सापडलं नाही. जे सापडलं ते पिंपात. कलम ५० माणसाच्या अंगापुरतं आहे. पिशवी, डबा, गाडी त्यात येत नाही, हे २०१९ च्या बलजिंदर सिंग निकालाने पुन्हा सांगितलं. चुकीचा मुद्दा आधी मांडला की न्यायाधीश बरोबर मुद्दाही कंटाळून ऐकतात. तो मी वगळला.

हद्दीचा मुद्दाही तसाच. नदीच्या मधोमध दोन तालुक्यांची सीमा. होडी पेडण्याच्या बाजूला होती की बार्देशच्या, हे पंचनाम्यात नाही. दुसऱ्या स्थानकाच्या हद्दीत तातडीने झडती घ्यावी लागली तर तिथल्या प्रमुखाला कळवायची तरतूद आहे, आणि ते झालं नव्हतं. पण हद्द चुकली म्हणून तपास बाद होत नाही. एक वाक्य बोललो आणि पुढे गेलो.

पोलिसांची बाजू मला कळत नाही असं नाही. रात्री दीड वाजता चार माणसं, उसनी होडी, समोर अंधार. केस डायरी लिहायला स्थानकात बसले असते तर होडी पुढच्या वळणाआड गेली असती. न्यायालयांनाही हे कळतं. २००९ च्या कर्नैल सिंग निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मान्य केलं की आता माहिती मोबाईलवर, रस्त्यात असताना येते. तातडी असेल तर लेखी नोंद आणि वरिष्ठाला प्रत थोड्या वेळाने झाली तरी चालेल, उशिराचं कारण पटलं पाहिजे. पण अजिबातच लिहिलं नाही, हे चालणार नाही. उपनिरीक्षक काठावर दुसऱ्या होडीची वाट पाहत वीस मिनिटं उभे होते. खिशात मोबाईल होता. चार ओळींचा संदेश वरिष्ठाला गेला असता तर आज मी हा लेख लिहीत नसतो. उलटतपासणीत मी हेच विचारणार आहे, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.

हीच होडी मोरजीच्या बाहेर समुद्रात असती तर सगळं वेगळं झालं असतं. तिथे तस्करीच्या संशयावर सीमाशुल्क अधिकारी १९६२ च्या कायद्याच्या कलम १०६ खाली जहाज थांबवून कोपरान्‌कोपरा तपासू शकतो. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत मालीमच्या किंवा कुटबणच्या ट्रॉलरवर मच्छीमार खात्याचा अधिकृत अधिकारी गोव्याच्या १९८० च्या कायद्याखाली चढू शकतो. प्रत्येकाचा अधिकार वेगळ्या शब्दांत लिहिलेला आहे. किनाऱ्यावरून सगळे खाकी किंवा पांढऱ्या कपड्यांतले दिसतात, आणि तांडेल सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो, आबांनी मला विचारला तोच.

जामिनाचा अर्ज विशेष न्यायालयात. मात्रा व्यावसायिक नसल्यामुळे एनडीपीएसच्या कलम ३७ ची जामिनावरची कडक अट लागत नव्हती. न्यायाधीशांनी नांगर, व्हिडिओ, डायरी हे सगळं ऐकून घेतलं आणि कलम ४२ पाळलं की नाही हे खटल्यात ठरेल, असं म्हणून त्यावर मत द्यायचं टाळलं. जामिनाच्या टप्प्यावर हेच अपेक्षित असतं. पण आदेशात एक ओळ आली की एफआयआर आणि पंचनामा होडीच्या स्थितीबद्दल एकमेकांशी जुळत नाहीत. पुढे ती उपयोगी पडेल. दोघे चोविसाव्या दिवशी बाहेर आले. आबांना अटकपूर्व जामीन आधीच मिळाला होता. पिंप कोणाचं होतं, याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

राहिली होडी. आबांना भाच्याइतकीच तिची काळजी. पोलिसांनी ती काठावर ओढून उन्हात पालथी ठेवली होती. फायबरची असती तर तशी पडून राहिली असती. ही लाकडी. उन्हात फळ्या सुकतात, आकसतात, सांध्यांत भरलेला कापूस आणि डांबर सुटून येतं. आबा दर दोन दिवसांनी सायकलवरून जायचे, पहाऱ्यावरच्या शिपायाला विचारून तिच्यावर पाण्याच्या बालद्या ओतायचे आणि ओली चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, झाकून यायचे. एकदा तो शिपाई म्हणाला, “आबा, मुद्देमालाला पाणी घालायची परवानगी आहे का?” आबांनी मला फोन केला. मी म्हटलं, घाला.

अमली पदार्थांच्या प्रकरणात वाहन खटल्याआधी सोडता येतं का, यावर बरीच वर्षं न्यायालयांत दोन मतं होती. जानेवारी २०२५ मध्ये आसामातल्या एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एनडीपीएस कायद्यात तशी मनाई नाही. योग्य अटींवर वाहन सोडता येतं. तो निकाल आणि होडीचे सहा फोटो, सांध्यांतून पलीकडचा उजेड दिसणारे, मी अर्जाला जोडले. सरकारी वकिलांनी विरोध केला, पण मनापासून नाही. आदेश झाला: व्हिडिओ आणि फोटो काढून ठेवायचे, हमीपत्र द्यायचं, होडी विकायची नाही, रंग किंवा क्रमांक बदलायचा नाही, बोलावल्यावर हजर करायची. नांगर मात्र मुद्देमालात ठेवायला मीच सांगितलं. आबांना ते पटलं नाही. नवा घ्यायचा म्हणजे पैसे.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होडी पाण्यात उतरवली. पहिल्या दिवशी निम्मी भरली. लाकूड फुगेपर्यंत असंच होतं, आबा म्हणाले, आणि भाच्याच्या हातात बालदी दिली.